शहर सुरक्षित होत आहे, हे कोणत्या आकड्यावरून ओळखायचे?

काही वर्षांपूर्वी रस्त्याने चालताना माझ्या हातातला मोबाइल एकाने हिसकावून नेला आणि मी तक्रार नोंदवली नाही. फोन जुना होता, तो परत मिळेल अशी आशा नव्हती आणि पोलीस ठाण्यात अर्धा दिवस घालवण्याची तयारीही नव्हती. पुढे त्याच शहराच्या प्रशासनाचा वार्षिक अहवाल वाचनात आला. त्यात जबरी चोऱ्या घटल्याचा आलेख होता. त्या उतरत्या रेषेत मी न दिलेल्या तक्रारीचाही थोडा वाटा आहे, हे ध्यानात आले आणि मी अस्वस्थ झाले. तेव्हापासून निरनिराळ्या शहरांचे असे अहवाल मी लक्षपूर्वक वाचत आले आहे. नोंदलेल्या गुन्ह्यांची संख्या एकटी घेऊन कोणत्याही शहराने स्वतःची प्रगती मोजू नये, हे माझे मत त्या वाचनातून पक्के होत गेले.

गुन्ह्याची नोंद होण्याआधी तीन गोष्टी घडाव्या लागतात: घटना घडते, कोणीतरी ती सांगायला जाते आणि ऐकणारा ती योग्य कलमाखाली लिहून घेतो. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर बदल झाला, तरी आकडा बदलतो. अमेरिकेत 1973 पासून घरोघरी विचारपूस करून गुन्ह्यांचा अंदाज घेतला जातो. हिंसेच्या निम्म्याहून कमी घटना पोलिसांपर्यंत पोहोचतात, असे त्या सर्वेक्षणातून अलीकडच्या वर्षांतही दिसत आले आहे. एखाद्या शहराने पीडितांसाठी चांगली मदत यंत्रणा उभारली, लोकांचा विश्वास वाढला आणि त्यामुळे घरगुती हिंसाचाराच्या तक्रारी दीडपट झाल्या, तर कागदावर ते शहर अधिक असुरक्षित ठरते, प्रत्यक्षात मात्र तिथे चांगले काम झालेले असते. उलट तक्रार घेणाऱ्यांनी लोकांना माघारी पाठवायला सुरुवात केली, तर तेच शहर कागदावर सुधारते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण मला इंग्लंड आणि वेल्सचे वाटते. 2014 च्या सुरुवातीला तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणाने पोलिसांच्या गुन्हेनोंदीचा ‘राष्ट्रीय आकडेवारी’ हा दर्जा, म्हणजे आकडे विश्वासार्ह असल्याची अधिकृत मोहोर, काढून घेतला. त्याच वर्षी पोलीस निरीक्षण संस्थेने हजारो प्रकरणे तपासली. पोलिसांना कळवलेल्या गुन्ह्यांपैकी सुमारे 19 टक्के गुन्हे नोंदलेच जात नाहीत आणि हिंसेच्या गुन्ह्यांत हे प्रमाण सुमारे 33 टक्के आहे, असा निष्कर्ष तिने काढला. त्यानंतर नोंद काटेकोर होऊ लागली आणि पुढील काही वर्षांत पोलिसांच्या दप्तरी हिंसेचे गुन्हे झपाट्याने वाढले. तिथे 1982 पासून नागरिकांना थेट प्रश्न विचारणारे स्वतंत्र सर्वेक्षण चालू होते. त्यात तशी वाढ दिसत नव्हती, म्हणूनच या वाढीचा मोठा भाग नोंदीतल्या सुधारणेचा आहे, हे ओळखता आले. दुसरा स्रोत नसता, तर प्रामाणिकपणे नोंद करू लागलेल्या अधिकाऱ्यांवरच अपयशाचा ठपका बसला असता.

आकड्यांच्या आधारे जाब विचारण्याची पद्धत न्यू यॉर्कमध्ये 1994 साली सुरू झाली. पोलीस आयुक्त विल्यम ब्रॅटन आणि त्यांचे सहकारी जॅक मेपल यांनी नियमित बैठका ठरवल्या, प्रत्येक विभागाच्या प्रमुखाला नकाशावर त्याच्या हद्दीतले गुन्हे दाखवले आणि ‘तुम्ही याबद्दल काय केले’ असे सर्वांसमोर विचारायला सुरुवात केली. या पद्धतीचे नाव ‘कॉम्पस्टॅट’. शहरातील खुनांची संख्या 1990 मध्ये सुमारे 2,200 होती, ती 1998 पर्यंत सुमारे 630 वर आली. त्या काळात ही पद्धत नसलेल्या कित्येक अमेरिकी शहरांतही गुन्हे घटले, त्यामुळे सारे श्रेय या बैठकांना देता येत नाही. तरीही महिन्यामहिन्याने साचणारी माहिती दर आठवड्याला वाचून त्यावर निर्णय घेण्याची शिस्त मला मोलाची वाटते. मात्र ज्याची बढती आकडा खाली येण्यावर अवलंबून असते, त्याच्याच हाती तो आकडा लिहिण्याचे काम असते आणि हा दोष पद्धतीतच आहे. गुन्ह्यांची तीव्रता कमी दाखवली जाते, अशा तक्रारी झाल्यानंतर तिथल्याच आयुक्तांनी तज्ज्ञांची समिती नेमली. चुकीच्या वर्गीकरणाचा आकडेवारीवर लक्षणीय परिणाम होऊ शकतो, असे समितीने 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात मान्य केले. खुनाचा आकडा त्या मानाने विश्वासार्ह असतो, कारण मृतदेह दडवणे किंवा सौम्य कलमाखाली लिहिणे अवघड असते. छोट्या शहरात मात्र खून इतके थोडे असतात की त्यांवरून वर्षाचा कल सांगता येत नाही.

या साऱ्यात मला सर्वाधिक आशादायक वाटते ती कार्डिफची पद्धत. वेल्सच्या या राजधानीत चेहरा आणि जबडा यांवर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर जोनाथन शेफर्ड यांच्या लक्षात आले की मारहाणीत जखमी होऊन रुग्णालयात येणाऱ्या कित्येकांची पोलिसांना कल्पनाच नसते. माणूस तक्रार करायला गेला नाही, तरी फुटलेल्या जबड्यावर उपचार घ्यायला त्याला यावेच लागते. त्यामुळे तातडीच्या विभागात नोंदणी करणारे कर्मचारी मारहाण कुठे झाली, केव्हा झाली आणि कोणते हत्यार वापरले, इतकेच विचारू लागले. रुग्णाची ओळख वगळून ही माहिती पोलीस आणि शहर प्रशासन यांच्याकडे नियमितपणे जाऊ लागली. कोणत्या मद्यालयापाशी, कोणत्या रात्री, कोणत्या तासाला मारामारी होते, हे कळल्यावर गस्तीचे मार्ग बदलले आणि परवान्यांच्या अटींकडे लक्ष दिले गेले. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तुलनेसाठी घेतलेल्या शहरांच्या मानाने कार्डिफमध्ये हिंसेमुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण 42 टक्क्यांनी कमी राहिले. पोलीस लिहून घेतात की नाही, याच्याशी या आकड्याचा संबंध नसतो, म्हणून तो माझ्या लेखी अधिक भरवशाचा आहे.

भीतीचा प्रश्न वेगळा मोजावा लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत 16.1.4 हा निर्देशक आहे. आपण राहतो त्या परिसरात अंधार पडल्यावर एकट्याने चालताना किती टक्के लोकांना सुरक्षित वाटते, हे त्यात मोजतात. ज्या रस्त्यावर संध्याकाळनंतर स्त्रिया पाऊलच ठेवत नाहीत, तिथे छेडछाडीची एकही नोंद नसणे स्वाभाविक आहे, आणि त्या शून्याला यश म्हणणे मला अन्यायाचे वाटते. टोरांटोमध्ये मेट्रॅक या संस्थेने 1989 साली स्त्रियांकडून रस्त्यांची सुरक्षा पाहणी करून घेण्याची पद्धत आखली. पुढे ती जगभर पसरली. दिवे, दृष्टीची मोकळीक, पदपथ, येणारी-जाणारी माणसे असे मुद्दे तिथे राहणाऱ्या आणि वावरणाऱ्या स्त्रिया स्वतः तपासतात. हीच पाहणी दोन वर्षांनी त्याच रस्त्यावर पुन्हा केली, तर बदल झाला की नाही ते नेमके दिसते.

सरासरीनेही बरेच काही झाकले जाते. अमेरिकेतल्या मिनिआपोलिसमध्ये केलेल्या आणि 1989 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पोलिसांना मदतीसाठी आलेले निम्मे फोन शहरातल्या अवघ्या 3 टक्के पत्त्यांशी संबंधित असल्याचे आढळले होते. त्यामुळे संपूर्ण शहराचा एकच आकडा सुधारत असताना दोन वस्त्या अधिक होरपळत असू शकतात. वस्तीनिहाय आकडे लहान असतात हेही खरे, कारण दोन घरफोड्यांच्या चार झाल्या की 100 टक्के वाढ लिहिली जाते, आणि म्हणून तीन वर्षांची सरासरी सोबत द्यायला हवी.

अशा अहवालांत बसवलेल्या कॅमेऱ्यांची, लावलेल्या दिव्यांची आणि घेतलेल्या बैठकांची संख्या ठळकपणे छापलेली असते. ते झालेल्या कामाचे मोजमाप आहे आणि त्याने काय साधले, हे त्यातून कळत नाही. मी अहवाल उघडला की आधी पायाभूत वर्ष, म्हणजे ज्याच्याशी पुढच्या आकड्यांची तुलना करायची ते वर्ष, योजना सुरू होण्यापूर्वी ठरवले होते का, ते पाहते. मग वाढलेला आकडा न लपवता दिला आहे का, तो का वाढला याचा उलगडा केला आहे का, आणि पोलिसांखेरीज दुसरा एखादा स्रोत वापरला आहे का, ते तपासते. चांगल्या सर्वेक्षणांत ‘तक्रार का केली नाही’ हाही प्रश्न विचारतात. मला कोणी विचारले असते, तर ‘काही उपयोग होईल असे वाटले नाही’ असे मी सांगितले असते. असे सांगणारे त्या वर्षी शहरात आणखी किती जण होते, हा आकडा जबरी चोऱ्यांच्या त्या आलेखाच्या शेजारी छापलेला मला हवा होता.