बिनकानाचा कप

निझवाच्या बाजारात दुपारी एक वाजला आणि धडाधड शटरं खाली आली. आता चारपर्यंत काही मिळायचं नाही. बरोबरची मंडळी वैतागली, मला मात्र ओमानमध्ये पुणं भेटल्याचा आनंद झाला.

समोर निझवाच्या किल्ल्याचा जाडजूड गोल बुरूज. पोर्तुगीजांना १६५० साली मस्कतमधून हाकलणाऱ्या इमाम सुलतान बिन सैफने बांधलेला. पण त्या उन्हात इतिहास कोण बघतो? एका खजूरवाल्या आजोबांनी दुकान अर्धं उघडं ठेवलं होतं. पांढरा पायघोळ दिशदाशा, डोक्यावर भरतकामाची कुम्मा टोपी. "आओ, बैठो," म्हणाले. हिंदी मोडकी, पण आमच्या हिंदीपेक्षा बरी.

आधी खजूर, मग कहवा, म्हणजे अरबी कॉफी. नातवाने डाव्या हातात चोचीची किटली धरली आणि उजव्या हाताने बिनकानाचा इवलासा कप पुढे केला. आत घोटभरच कहवा. रंगाने फिकट, वेलदोड्याचा घमघमाट, साखरेचं नाव नाही. गोडीचं काम खजुराकडे. कप काठोकाठ भरला तर पाहुण्याने आता उठावं असं समजतात म्हणे. कप रिकामा झाला की मुलगा पुन्हा ओततो. पुरे झालं की मनगटातून कप किंचित हलवायचा. आजोबांनी करून दाखवलं.

मी हलवला. मुलाने कप घेतला आणि गेला. "अहो, एवढ्यात?" नाही, "आमचा कहवा आवडला नाही वाटतं" नाही. 'नको' इतक्या सरळपणे ऐकून घेतलं जातं, हे मला नवीनच होतं.

खजूर तोलून झाल्यावर मात्र त्यांनी मूठभर वर टाकलाच. तिथे माझं काही चाललं नाही. हातात हलवायला कप नव्हता.

ही कॉफी पाजण्याची रीत २०१५ साली युनेस्कोच्या वारसायादीत गेली. ओमान, सौदी, अमिराती आणि कतार यांनी मिळून अर्ज केला होता. आपल्या पंगतीतल्या आग्रहासाठी कोणी अर्ज केला, तर युनेस्कोने आधी दोनदा 'नको' म्हणायला हवं.

आमच्या आजोळच्या पंगतीत पहिल्या 'नको'ला कुणी थांबतच नसे. दुसऱ्याला वाढपी हसायचा. तिसऱ्याला आपण पानावर दोन्ही हात आडवे धरायचे, आणि श्रीखंडाचा डाव बोटांच्या फटींवर उपडा व्हायचा. मग बोटं चाटण्यावाचून इलाज नसे. मामा तर शपथ घालायचा. पोटात जागा नसली तरी शपथेपुरती निघतेच. आम्हा पोरांना ही झटापट जेवणापेक्षा आवडायची, आणि ज्याला आग्रह झाला नाही तो दिवसभर रुसून बसायचा. (तो बहुधा मीच असे.)

आमच्या आजोबांना साखरेचा आजार होता. अख्ख्या गावाला माहीत. तरी जिलबीचं ताट त्यांच्यापाशी हटकून रेंगाळायचं. "आबा, एकीने काय होतंय?" आबा हात आडवा धरायचे, आजी लांबून डोळे वटारायची, मामा शपथ घालायचा, आणि आबा हसून हात काढायचे. पुढे त्यांच्या पायाचा अंगठा काढावा लागला. हात काढायचे म्हणजे त्यांना हवीच असायची, असं मामा अजून म्हणतो.

असेलही. जिलबी त्यांना आवडायचीच.