पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी जमीन

मे महिन्याच्या शेवटी कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचे पाणी इतके खाली गेलेले असते की बामणोलीहून सुटलेली लाँच नेहमीच्या काठाला लागत नाही. ती बरीच अलीकडे थांबते आणि उरलेले अंतर वाळलेल्या गाळातून चालत काढावे लागते. या वर्षी आजीचा हात धरून मी त्या गाळात उतरलो. वर रान, त्याखाली लाटांनी धुऊन काढलेला तांबडा उघडा उतार आणि तळाशी भेगा पडलेला राखाडी गाळ असे तीन पट्टे दिसत होते. आजीचे माहेर या तिसऱ्या पट्ट्यात आहे. गाव उठले तेव्हा ती बारा वर्षांची होती. मला सगळीकडे सारखाच दिसणारा तो चिखल ती मात्र वाचत चालली होती. एका जागी थांबून तिने काठी टेकली आणि म्हणाली, "हितं उंबरा हुता. आन् तिकडं, त्या धोंड्याच्या अंगाला, जातं." धोंड्याजवळ गाळ उकरल्यावर खरोखरच जात्याची तळी निघाली. मधल्या खुंट्याचे भोक चिखलाने बुजलेले होते आणि कडेचा एक टवका उडालेला होता.

गेले वर्षभर मी अमेरिकेतल्या एल्व्हा नावाच्या नदीविषयी मिळेल ते वाचत आहे, आणि त्या वाचनाचे वेड लागण्याचे कारण ही जमीनच आहे. एल्व्हा ही अवघी सत्तर-बहात्तर किलोमीटर लांबीची नदी, म्हणजे आपल्या कोयनेपेक्षाही आखूड. अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिक द्वीपकल्पावरच्या बर्फाळ डोंगरांत ती उगम पावते आणि उत्तरेकडे वाहत जाऊन हुआन द फुका सामुद्रधुनीला मिळते. तिच्या मुखाशी लोअर एल्व्हा क्लॅलम ही मूळनिवासी जमात पूर्वापार राहत आली आहे. १८५५ च्या तहाने या लोकांच्या हातून जमीन गेली. परंपरागत जागी मासेमारी करण्याचा हक्क मात्र त्यांनी त्या तहातच राखून ठेवला होता. समुद्रातून नदीत चढून वर जाऊन अंडी घालणाऱ्या सामन माशाच्या पाचही जाती या एका नदीत येत असत, आणि त्यातला चिनूक तर शंभर पौंडांपर्यंत भरे असे सांगतात.

तेथे पहिले धरण १९१३ मध्ये पूर्ण झाले आणि दुसरे, ग्लाइन्स कॅन्यनचे, १९२७ मध्ये. त्याआधी १९१२ च्या ऑक्टोबरअखेर पहिल्या धरणाचा पायाच फुटला होता आणि पुराचा लोंढा खालच्या वस्त्यांवर गेला होता. पाया बुजवून काम पुढे रेटण्यात आले. माशांना वर जाता यावे यासाठी धरणात वाट ठेवणे तेव्हाच्या राज्याच्या कायद्याने बंधनकारक होते. ती ठेवली गेली नाही. त्याऐवजी मत्स्यबीज केंद्र बांधून वेळ मारून नेण्यात आली, आणि ते केंद्रही १९२२ मध्ये बंद पडले. परिणामी माशांना समुद्रापासून जेमतेम आठ किलोमीटर नदी उरली. मासे संपले हे कोणालाही दिसत होते. किनाऱ्याचे जे झाले ते कळायला मात्र बराच वेळ लागला, आणि मला याच भागात सर्वाधिक रस आहे.

समुद्रकिनारा समुद्राने घडवलेला असतो असे आपण घाटावरचे लोक धरून चालतो. निदान मी तरी चालत होतो. प्रत्यक्षात नदीच्या मुखाजवळचा किनारा हा नदीने डोंगरातून आणलेल्या वाळू-मातीवर जगतो. लाटा रोज त्यातली थोडी ओढून नेतात आणि नदी रोज भरणा करते. हे खाते चालू असेपर्यंत किनारा जागेवर राहतो. धरणामागे पाणी थांबते तशी मातीही थांबते. पाणी पुढे सोडता येते, माती आतच साचत राहते. एल्व्हाच्या मुखाशी भरणा बंद झाला आणि ओढणे चालूच राहिले, तेव्हा वाळू निघून गेली आणि मागे नुसते गोटे उरले. ज्या वाळूत क्लॅलम बायका शिंपल्या उकरत असत, तिथे उकरण्यासारखे काही राहिले नाही आणि जमातीच्या राखीव जमिनीची कडाही खचत गेली. म्हणजे डोंगरातल्या दोन भिंतींनी समुद्राकाठच्या माणसांच्या ताटातली शिंपली उचलून नेली होती, आणि हे कोणत्याही करारात लिहिलेले नव्हते.

धरणांच्या परवान्याचा प्रश्न पुढे आला तेव्हा, १९८६ मध्ये, जमात त्यात पक्षकार म्हणून उतरली. सामान्यतः अशा कामात स्थानिकांना "सुनावणीस उपस्थित राहावे" अशी नोटीस येते आणि त्यांचे म्हणणे फाईलला लागते. येथे १९७४ च्या न्यायालयीन निकालाने तहातल्या मासेमारीच्या हक्काला धार आलेली होती, त्यामुळे त्यांचे म्हणणे बाजूला सारणे कठीण होते. १९९२ मध्ये अमेरिकेच्या संसदेने नदी आणि तिचे मासे पूर्ववत करण्याचा कायदा केला. २००० मध्ये सरकारने दोन्ही धरणे विकत घेतली. सप्टेंबर २०११ मध्ये पाडकाम सुरू झाले आणि ऑगस्ट २०१४ मध्ये दुसऱ्या धरणाचा शेवटचा भाग गेला. कायदा झाल्यापासून हातोडा पडेपर्यंत एकोणीस वर्षे गेली. सरकारी गती सगळीकडे सारखीच, हे वाचून मला थोडे समाधानही वाटले.

धरण पाडणे म्हणजे सुरुंग लावून मोकळे होणे नव्हे. दोन्ही जलाशयांत मिळून सुमारे तीन कोटी टन गाळ साचलेला होता. तो एकदम सुटला असता तर खालची नदीच बुजली असती, म्हणून भिंती टप्प्याटप्प्याने उतरवल्या आणि मासे चढण्याच्या काळात काम थांबवले. पहिल्या पाच वर्षांत या गाळापैकी सुमारे ६५ टक्के वाहून गेला आणि त्यातला जवळजवळ ९० टक्के समुद्रापर्यंत पोहोचला. नदीच्या मुखाशी सुमारे ६० हेक्टर नवी जमीन तयार झाली. जिथे गोटे होते तिथे वाळू आली. गढूळ पाण्यामुळे सूर्यप्रकाश अडून समुद्रातली केल्प या मोठ्या शेवाळाची रानेही काही वर्षे विरळ झाली आणि पाणी निवळल्यावर परतली. मध्यंतरीच्या त्या काळात हे काम फसले असे म्हणणारे काही कमी नव्हते.

हे सारे सुरळीत झाले असा समज कोणी करून घेऊ नये. नदीचा तळ उंचावणार म्हणून जमातीच्या वस्तीभोवतीचा बांध वाढवावा लागला. भूजल वर येणार म्हणून घराघरांतले शौचाचे खड्डे निकामी होणार होते, तेव्हा सारी वस्ती शहराच्या मलवाहिनीला जोडावी लागली. जमातीच्या मत्स्यबीज केंद्रातले मासे नदीत सोडावेत की नाही यावरून काही वन्यजीवप्रेमी संस्थांनी न्यायालय गाठले, कारण केंद्रातल्या माशांमुळे रानमाशांचे नुकसान होते असे त्यांचे म्हणणे होते. शास्त्र त्या संस्थांच्या बाजूने थोडेफार असेलही. पण शंभर वर्षे ज्यांची नदी बंद होती त्यांनी आणखी किती काळ नुसते थांबायचे, याचे उत्तर शास्त्रात नसते. जमातीने स्वतःच मासेमारी बंद ठेवली. बारा वर्षांनी, २०२३ च्या ऑक्टोबरात, विधी आणि घरखाण्यापुरती म्हणून, चारशे कोहो माशांची मर्यादा घालून, त्यांनी पुन्हा नदीत जाळे टाकले.

जलाशयाच्या उघड्या तळावर पुन्हा रान उभे करण्यासाठी लाखो स्थानिक रोपे आणि मणांनी बी लागले. त्यातले ल्युपिन हे निळ्या-जांभळ्या फुलांचे झाड मला जवळचे वाटले. ते कडधान्याच्या कुळातले आहे, नुसत्या दगडगोट्यांत रुजते आणि मुळांतल्या गाठींनी जमिनीत नत्र भरते. आमच्याकडे माळाच्या हलक्या जमिनीला कस यावा म्हणून हुलगा पेरतात, तोच हा प्रकार.

आणि मग ती जागा. क्लॅलम लोकांच्या समजुतीप्रमाणे निर्मात्याने त्यांची माणसे जिथे घडवली, तिथे नदीकाठच्या खडकात टोपलीच्या आकाराचे खळगे आहेत. पहिल्या धरणाच्या पाण्याखाली ही जागा गेली, आणि जवळजवळ शंभर वर्षे ती फक्त म्हाताऱ्यांच्या सांगण्यात उरली. बाहेरच्या माणसांनी तिला दंतकथा म्हटले. जलाशय उतरल्यावर, २०१२ मध्ये, खळगे सांगितल्या जागी सापडले. याच्या काही वर्षे आधी, २००३ मध्ये, जवळच्या पोर्ट एंजेलिस शहरात समुद्राकाठी एका मोठ्या पुलाचे भाग बांधण्याच्या गोदीसाठी खोदाई चालू असताना त्सेव्हिट्झन हे त्यांचे जुने गाव उघडे पडले होते. शेकडो पूर्वजांची हाडे निघाल्यावर जमातीने काम थांबवण्याची मागणी केली आणि कोट्यवधी डॉलर खर्च झालेले ते काम राज्याला सोडून द्यावे लागले. तिथे गाव होते हे जमातीतल्या जुन्या माणसांना ठाऊक होते.

आजीचे काठी टेकणे मला याच्या शेजारी ठेवावेसे वाटते. तुलना ताणायची नाही. आम्ही आदिवासी नाही, आमच्याकडे तह नाही आणि कोयनेचे धरण पाडावे असे आमच्या घरात कोणी स्वप्नातही म्हणत नाही. निम्म्या महाराष्ट्रात दिवे लागले ते या पाण्यावर, हे आजीही अभिमानाने सांगते. पण धरण १९६४ मध्ये पुरे झाले आणि प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा पहिला कायदा १९७६ मध्ये आला. मधली माणसे कुठे गेली? कोणी सोलापूर, सांगलीला, कोणी रायगड, ठाण्याला पाठवले गेले. कोणी आजीच्या वडिलांसारखे गाव सोडायला तयार न होता डोंगराच्या अंगाने वर सरकले, भाताची खाचरे पाण्यात सोडून उतारावर नाचणी आणि वरी पेरू लागले. पुढे १९८५ मध्ये तोच डोंगर कोयना अभयारण्यात गेला आणि २०१० मध्ये व्याघ्र प्रकल्पात. दक्षिणेला वारणेच्या खोऱ्यात चांदोलीच्या गावांनीही धरण आणि जंगल अशा दोन्ही कारणांनी उठणे पाहिले आहे. आमच्या एका नातेवाइकाची जमिनीची फाईल माझ्या जन्माच्या आधीपासून एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जाते आहे. गेल्या वेळी आम्हाला मूळ गावाचा नकाशा जोडण्यास सांगण्यात आले. मूळ गाव कुठे आहे हे सांगितल्यावर समोरच्या बाईंनी चष्मा काढला आणि काही वेळ काहीच बोलल्या नाहीत.

एल्व्हाविषयी वाचल्यावर शिवसागरच्या गाळाकडेही माझे लक्ष जाऊ लागले. धरण नव्हते तेव्हा ही माती कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेत जाई आणि तेथून थेट आंध्रात, बंगालच्या उपसागराच्या काठी, दिवीसीमेपर्यंत. आता कोयनेचे बरेचसे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीला उतरते, वीज देते आणि वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीकडे जाते. म्हणजे पाणी एका समुद्राकडे, आणि दुसऱ्या समुद्राच्या वाट्याची माती मधल्या तळाशी, आजीच्या उंबऱ्यावर. कृष्णेच्या मुखाजवळचा किनारा मागे हटतो आहे आणि वरच्या धरणांनी अडवलेला गाळ हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. त्या काठच्या कोळ्यांनी कोयनेचे नाव ऐकले असेल की नाही कोण जाणे.

महाराष्ट्रात धरणाचे पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी जमीन पेरायला देतात आणि तिला गाळपेर म्हणतात. या शब्दाविषयी मला फार पूर्वीपासून कुतूहल आहे, कारण ज्याची जमीन बुडाली त्यानेच ती वर्षातले काही महिने पुन्हा पेरावी ही कल्पना त्यात आहे. अभयारण्याच्या हद्दीत तीही सोय नाही, आणि वाघाच्या दृष्टीने पाहिले तर ते बरोबरही असेल. पण उतारावर कोणती झाडे लावायची, कोणता झरा मोकळा करायचा, कोणत्या देवराईची हद्द कुठे होती, हे ठरवताना ज्यांना ते माहीत आहे त्यांना बोलावण्यास वाघाची हरकत असण्याचे कारण दिसत नाही. हे माहीत असणारे आता ऐंशीच्या आसपास आहेत, आणि लाँचमधून उतरून गाळात चालू शकणारे तर त्यांतले बोटांवर मोजण्याइतकेच.

म्हणून मी नकाशा काढायला घेतला आहे. मोठ्या कागदावर नदी, दोन्ही काठची खाचरे, देवळाचा चौथरा, पाणवठा, गुरांची वाट. मुंबईतल्या गिरणीतून निवृत्त झालेले आजीचे चुलतभाऊ फोनवरून सांगतात, रायगडला दिलेली तिची बहीण नातवाकडून फोटो मागवते, आणि मी पेन्सिलने खोडत-मांडत राहतो. जात्याची तळी आम्ही तिथेच ठेवून आलो. लाँचवाल्या मामांनी ती न्यायची तयारी दाखवली होती, आजीने नको म्हटले. परवा कागद तिच्यापुढे पसरला तेव्हा तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिला, मग नदीच्या वरच्या अंगाला बोट ठेवले. "ह्यो वढा तू उलट्या अंगाला काढलाईस. पावसाळ्यात हिकडनं यायचा, आमच्या परड्याच्या मागनं." मी खोडरबर शोधायला उठलो, तर ती म्हणाली, "आन् परड्यात फणस घाल. दोन."