सोलापूर : खांबावरची हळद

पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसने रात्री सोलापूर गाठलं. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या ज्या चौघांची आठवण ही गाडी वागवते, त्यांतले कुर्बान हुसेन गिरणी कामगारांचे पुढारी. मीही एका गिरणीसाठीच आलो होतो.

इथली पहिली कापडगिरणी १८७७ ची. तिला गाव अजूनही ‘जुनी मिल’च म्हणतं. मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम. भोंग्यावर गावाच्या चुली पेटायच्या.

परवानगी घेऊन सकाळी सातला एका बंद गिरणीच्या मागखात्यात शिरलो. सोबत तिथेच उभी हयात गेलेले एक काका होते. माग कधीच भंगारात गेलेत. छप्पर मात्र बरंचसं शाबूत आहे, करवतीच्या दात्यांसारखं. प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची आणि तोंड उत्तरेला. त्यामुळे ऊन थेट आत येत नाही, दिवसभर सारखा, मऊ उजेड मिळतो. “सूत तुटलेलं दिसायला पाहिजे की,” काका म्हणाले. फोटोसाठी याहून चांगला उजेड मी कुठे पाहिलेला नाही.

पडक्या जागी गेलं की हात आपोआप पिंपळाच्या मुळांकडे, फुटक्या काचांकडे वळतो. ते फोटो देखणे येतात, पण त्यातून इथे कोण राबलं हे कळत नाही. म्हणून ट्रायपॉड लावून आधी प्रत्येक भिंत समोरून टिपली, खांबांमधलं अंतर टेपने मोजलं, मग जवळ गेलो.

एका बिडाच्या खांबावर छातीच्या उंचीला पिवळट-लाल डाग होता. मला गंज वाटला. काकांनी त्यावर बोट ठेवलं. “खंडेनवमीची हळद-कुंकू आहे. मागाची पूजा झाली की उरलेली बोटं खांबाला.” वाकून पाहिलं तर थरावर थर, तेलकट धुळीत रुतलेले, आणि एकीकडे तीन बोटांचे माग स्पष्ट. खांबाच्या कोनाजवळ रंगवलेला आकडा होता : १७.

त्या डागाचेच अकरा फोटो काढले, पट्टी शेजारी धरून.

संध्याकाळी काकांच्या घरी कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाता खाता स्क्रीनवर फोटो दाखवले. त्यांनी चष्मा लावून मोठ्ठा करायला सांगितला.

“सतरा नंबर. इथून खिडकीकडं तिसरा माग माझा. शेजारी तेलुगू बोलणारा दोस्त, पलीकडं कन्नड बोलणारा. डबा तिघांचा एकच.”

मी वही काढली आणि त्यांना तिघांची नावं सावकाश सांगायला लावली.