युरिया फुटला, पण दुसऱ्याच वाटेने

मे महिन्यात नागपुरात रसायनशास्त्राचं काम करायचं म्हणजे आधी उन्हाशी जुळवून घ्यावं लागतं. डायइथाइल ईथर 34.6 अंशांना उकळतं, आणि कूलर चालू असला तरी दुपारी आमची प्रयोगशाळा त्याहून तापलेली असते. पुस्तकं सांगतात, खोलीच्या तापमानाला ईथरची वाफ द्रावणात हळूहळू मुरू द्या, स्फटिक वाढतील. आम्ही ते फ्रिजमध्येच करतो. त्या उन्हाळ्यात आमच्या कॉम्प्लेक्सचे, म्हणजे धातूच्या अणूंभोवती सेंद्रिय रेणू बांधलेल्या संयुगाचे, हिरवे स्फटिक असेच फ्रिजात वाढले होते.

त्या कॉम्प्लेक्समध्ये निकेलचे दोन अणू आहेत. मधोमध फिनॉलचा ऑक्सिजन, त्याने दोन्ही निकेल धरून ठेवलेले, आणि दोन बाजूंना पिरिडिनचे हात. ही रचना युरिया फोडणाऱ्या युरिएज या एन्झाइमवरून घेतलेली. 1926 साली जेम्स समनर यांनी जॅक बीनपासून, म्हणजे आपल्या अबईच्या भाऊबंदातल्या शेंगेपासून, युरिएजचे स्फटिक मिळवले आणि एन्झाइम हे प्रथिन असतं असं सांगितलं. बऱ्याच जणांनी तेव्हा ते मानलं नाही. नोबेल मिळालं 1946 मध्ये. त्यात निकेल आहे हे कळायला तर 1975 उजाडलं. पुढे 1995 मध्ये रचना दिसली: दोन निकेल, मध्ये सुमारे साडेतीन अँगस्ट्रॉमचं अंतर, त्यांना जोडणारं कार्बामेट झालेलं लायसिन हे अमिनो आम्ल आणि एक हायड्रॉक्साइड.

एवढ्याशा जागेत काय घडतं ते मला आजही थक्क करतं. नुसत्या पाण्यात, 38 अंशांना, अर्धा युरिया फुटायला सुमारे 3.6 वर्षं लागतात. एन्झाइम तेच काम सेकंदाच्या छोट्याशा अंशात करतं. आणि दोघांच्या वाटा वेगळ्या आहेत. पाण्यात युरिया स्वतःच तुटतो, तेव्हा अमोनिया आणि सायनेट तयार होतं. एन्झाइम मात्र पाण्याचा रेणू युरियाच्या कार्बनवर नेऊन आदळतं. अमोनिया आणि कार्बामेट मिळतं, सायनेट दिसतच नाही.

त्या दिवशी माझ्या विद्यार्थिनीने कॉम्प्लेक्स आणि युरिया ॲसिटोनायट्राइल या द्रावकात तापवून, घन पदार्थ वेगळा करून त्याचा आयआर, म्हणजे अवरक्त किरणांचा आलेख, काढला होता; त्यात पीक, म्हणजे टोक, कुठे येतो यावरून कोणता पदार्थ आहे ते कळतं. ती यवतमाळकडची, घरी कपाशी. तापलेल्या जमिनीवर युरिया फेकला आणि पाऊस लांबला की खताचा पैसा अमोनिया होऊन हवेत जातो, हे तिला घरूनच ठाऊक. मातीतल्या जिवाणूंचं युरिएजच ते करतं.

ती आलेख घेऊन आली. "मॅडम, अजून सुकलं नाही वाटते. ॲसिटोनायट्राइलचा पीक दिसून राह्यला."

मी पाहिलं. पीक होता खरा, चांगला ठसठशीत. पण ॲसिटोनायट्राइलचा पीक 2253 सेमी⁻¹ जवळ येतो, शेजारी 2292 ला जोडीदार असतो, आणि धातूला चिकटला तर तो आणखी वर सरकतो; खाली येत नाही. हा 2200 च्याही जरासा खाली होता, एकटा.

"हे सायनेट आहे," मी म्हटलं.

"म्हणजे युरिया फुटला?"

"कंट्रोल कुठाय?"

तिने कंट्रोल लावलेलं होतं, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. त्याच तापमानाला, तेवढाच वेळ, नुसता युरिया ठेवलेली बाटली. त्या जागी काहीच नव्हतं. कॉम्प्लेक्सच्या बाटलीच्या तोंडाशी ओला लिटमस धरला, तर तो निळा झाला, म्हणजे अमोनिया निघत होता. मी चहा मागवला आणि आम्ही दोघी आलेखासमोर बसलो.

एमआयटीतल्या स्टीफन लिपर्ड यांच्या गटाने 2000 साली दोन निकेलच्या कॉम्प्लेक्सवर युरियापासून सायनेट मिळवलं होतं, तेव्हा असं होणं अशक्य नव्हतं. तरीही आपल्या बाटलीत ते होताना पाहणं वेगळंच. आम्ही एन्झाइमची जागा बऱ्यापैकी उतरवली होती, धातू तेच, अंतरही जवळपास तेवढंच, आणि आमच्या रेणूने मात्र पाण्याची जुनी वाट धरली आणि तीच वेगवान केली. मला यातला हाच भाग मोलाचा वाटतो. एन्झाइममध्ये निकेलभोवती हिस्टिडिन ही अमिनो आम्लं आहेत, युरियाला हायड्रोजन बंधांनी नेमक्या कोनात धरणारे गट आहेत, वरून झाकण लावणारा एक लवचीक भाग आहे. निकेल युरियाला पकडू शकतो. त्याला कोणत्या वाटेने न्यायचं हे बहुधा बाकीचं प्रथिन ठरवतं. आमच्याकडे ते बाकीचं नाही.

तिने विचारलं, "मग हे पेपरात मॉडेल म्हणून लिहायचं की नाही?"

रचनेचं मॉडेल म्हणून लिहायचं, क्रियेचं नाही, आणि कंट्रोल आलेखासकट छापायचं, असं ठरलं. कार्बन-13, म्हणजे जरा जड कार्बन, असलेल्या युरियाची मागणी त्याच दुपारी टाकली. पीक खाली सरकला तर सायनेटमधला कार्बन युरियाचाच, यावर शंका उरणार नाही. मग तिने नवी बाटली लावली, या वेळी ॲसिटोनायट्राइलमध्ये निम्मं पाणी घालून. पाणी हाताशी असलं तर ते सायनेट पुढे फुटतं का, ते पाहायचं होतं.