व्हॅलेट्टा आणि आईचे गुडघे

नकाशावर माल्टाची राजधानी व्हॅलेट्टा जेमतेम एक किलोमीटर लांब दिसते, रुंदीला त्याहून कमी. "सगळं पायीच फिरू," असं मी आईला निघण्याआधीच सांगून ठेवलं होतं. नकाशात चढउतार दिसत नाहीत, हे तेव्हा सुचलं नाही.

पहिला धडा बसने दिला. थांब्यावर उभे होतो, हवी ती बस आली आणि न थांबता निघून गेली. मी चिडलो. शेजारच्या बाई म्हणाल्या, "हात केला नाहीत ना!" इथे हात दाखवल्याशिवाय बस थांबत नाही. 'हात दाखवा, गाडी थांबवा' ही आपल्या एसटीची पाटी इथे भेटेल असं वाटलं नव्हतं. पुढची बस येईपर्यंत आई हसत होती. वाहनं डाव्या बाजूने चालतात, तेही घरच्यासारखंच. १९६४ पर्यंत इथे इंग्रजांचं राज्य होतं.

बस ट्रायटन कारंज्यापाशी सोडते. तिथून वेशीतून आत शिरलं की सरळसोट रिपब्लिक स्ट्रीट. १५६५ मध्ये तुर्कांचा वेढा परतवल्यावर पुढच्याच वर्षी सेंट जॉनच्या सरदारांनी, म्हणजे तेव्हा माल्टावर राज्य करणाऱ्या ख्रिस्ती लढवय्यांच्या पंथाने, हे शहर वसवायला घेतलं. फ्रान्चेस्को लापारेल्ली या इटालियन अभियंत्याने बुद्धिबळाच्या पटासारखे रस्ते आखले. पट मात्र डोंगराच्या सोंडेवर अंथरलेला! मधला रस्ता धारेवर आणि दोन्हीकडच्या गल्ल्या थेट समुद्राकडे उतरणाऱ्या, कित्येक तर नुसत्या पायऱ्याच. वर मधाच्या रंगाच्या दगडी भिंती, त्यांना हिरवे-लाल लाकडी सज्जे.

"अरे, ही तर आपली पाखाडीच," आई म्हणाली. तिचं माहेर रत्नागिरीकडचं. पाखाडी म्हटल्यावर तिला जोर आला आणि सेंट उर्सुला स्ट्रीट ती न थांबता उतरली. चढताना तिसऱ्या टप्प्यावर बसली.

सेंट जॉन कॅथेड्रलमध्ये टाचा तपासतात. अणकुचीदार टाचांची पादत्राणं चालत नाहीत, कारण आतली सगळी फरशी म्हणजे सरदारांची सुमारे चारशे थडगी आहेत. रंगीत संगमरवरात कोरलेले सांगाडे, कवट्या, ढाली. आईच्या चपला पास झाल्या, पण पाय टाकवेना. "मेलेल्या माणसांवरून कसं चालायचं?" ती कडेकडेनेच फिरली. काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराचं, बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाच्या शिरच्छेदाचं चित्र (१६०८) तिथेच आहे. त्याने सही केलेलं हे एकमेव चित्र, आणि सही चितारलेल्या रक्ताच्या थारोळ्यात! मी बराच वेळ उभा होतो. आईने एकदा बघितलं आणि बाहेर जाऊन बसली.

भूक लागल्यावर पास्तिझी घेतल्या. पापुद्र्याच्या, आत रिकोटा चीज नाहीतर वाटलेले वाटाणे. वाटाण्याची खाताना आई "मटार करंजी" म्हणाली आणि आणखी दोन मागवल्या.

बारा वाजता अप्पर बराक्का बागेखालच्या तोफखान्यातून रोजची तोफ उडते. आम्ही कठड्याला टेकलो होतो, समोर ग्रँड हार्बर आणि पलीकडे बिरगूचा किल्ला. तोफेने आई दचकली, मग म्हणाली, "आता खाली कसं जायचं?" खाली म्हणजे थेट समुद्राच्या काठापर्यंत. पण बागेच्या कोपऱ्यात लिफ्ट आहे, ५८ मीटर उंचीची, २०१२ साली सुरू झालेली. १९०५ ची जुनी लिफ्ट १९७३ मध्ये बंद झाली, मधली एकोणचाळीस वर्षं लोक चढत-उतरत राहिले असणार. खाली फेरी बोटीचा धक्का. होडीसुद्धा मिळते, तिला दायसा म्हणतात. आम्ही दायसाच घेतली. होडीवाला फोनवर कोणाशी तरी बोलत होता. माल्टी भाषेची मुळं अरबी, लिपी रोमन, आणि देवाला कॅथलिक माणसंही 'अल्ला' म्हणतात. "हे अल्ला म्हणाले का?" आईने दबक्या आवाजात विचारलं.

संध्याकाळी परत कारंज्यापाशी आलो. लांबवर बस दिसली. तिच्यावरचा नंबर वाचायच्या आत आईने हात वर केला होता.