तुम्ही विचारलंत म्हणून: जाब नेमका कोणाला?

म्हापशाचा बाजार असो, जत्रा असो नाहीतर लग्नाची पंगत, "कितें जालें गो त्या केशीचें?" म्हणजे त्या केसचं काय झालं गं, हा प्रश्न ठरलेला. त्याच्या पाठोपाठ दुसरा, जरा आवाज उतरवून: बोट परदेशी, पोलीस परदेशी, समुद्र तर कोणाचाच नाही, मग तू पेडण्यात बसून जाब विचारतेस तरी कोणाला? विचारणाऱ्यांच्या मनात काही वाकडं नसतं. बहुतेकांच्या घरचं कोणी ना कोणी बोटीवर असतं.

माझा धाकटा भाऊ क्रूझ बोटीवर किचनमध्ये होता. एका रात्री पावणेबाराला ड्यूटी संपवून गेला, सकाळी सहाच्या पाळीला आला नाही. बोट तेव्हा खुल्या समुद्रात होती. एवढंच खात्रीचं. बाकी जे काही आहे ते कंपनीच्या दोन पानी पत्रात, आणि त्या पत्रात "वैयक्तिक कारणांमुळे" हे शब्द कोणी चौकशीला बोटीवर चढण्याआधीच येऊन बसलेले.

कोणाला, याचं उत्तर कागदावर सरळ आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा कराराप्रमाणे खुल्या समुद्रात बोटीवर तिच्या ध्वजाच्या देशाचा अधिकार चालतो. मालक एका देशातला, प्रवासी दुसऱ्या, आणि झेंडा तिसऱ्याच कुठल्यातरी बेटाचा, असा हा मामला. पण त्याच कराराचं ९४ वं कलम म्हणतं की अशा बोटीवरच्या दुर्घटनेत दुसऱ्या देशाचा माणूस दगावला तर ध्वजाच्या देशानं जाणकाराकडून चौकशी करायची, आणि दुसऱ्या देशानं स्वतः चौकशी लावली तर तिला दोघांनी सहकार्य करायचं. भारतानं १९९५ मध्ये हा करार मान्य केला. "मृतदेह नाही, तर दगावला कसं म्हणायचं?" असंही आम्हाला ऐकवून झालंय. त्यावर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची अपघात चौकशी संहिता आहे, २०१० पासून लागू, आणि बोटीवरून माणूस नाहीसा होणं हे तिच्यात अपघाताच्या व्याख्येतच घातलंय. म्हणजे जाब दोघांना: चौकशी करणाऱ्याला, आणि ती झाली की नाही हे विचारायची जबाबदारी असलेल्या आपल्या सरकारला. त्या बेटावर जाऊन मी काय ओरडणार? दिल्लीत आणि मुंबईत मात्र ओरडता येतं.

ओरडायची सुरुवात आमच्याच पोलीस स्थानकात झाली. हवालदार बिचारा भला माणूस. फॉर्म काढला, नाव, वय, उंची, रंग लिहिलं आणि "कुठून बेपत्ता" या रकान्याशी येऊन थांबला. मी कंपनीच्या पत्रातले अक्षांश-रेखांश पुढे केले. त्यानं ते बघितले, साहेबांना विचारून आला आणि आमच्या गावाचं नाव लिहिलं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पुढे एका सरकारी कार्यालयाचं उत्तर आलं: सदर इसम गोवा पोलिसांच्या हद्दीतून बेपत्ता असल्यानं त्यांच्याशी संपर्क साधावा.

आता तपासाविषयी. पुढच्या बंदरात पोलीस चढले तोवर भावाची केबिन पुसून लख्ख झाली होती. त्याच्यासोबत राहणारा मुलगा कामावर होता, म्हणून त्याचा जबाबच घेतला नाही. कॅमेऱ्यांचं चित्रण मागितलं तर त्यावर नवीन चित्रण चढलंय म्हणाले. मग एजंटाकडून बॅग आली, सोबत टाइप केलेली यादी. शर्ट, चपलांचा एक जोड, देवाची तसबीर, फोनचे चार्जर दोन. फोन नाही. दोन चार्जर लिहिणाऱ्याला फोन कुठे गेला असा प्रश्न पडू नये? यादीखालची सही कोणाची तेही लागत नाही. तेव्हापासून माझ्या प्रत्येक अर्जात पहिला मुद्दा हा असतो, आणि त्यालाच कोणी उत्तर देत नाही.

दुसरा मुद्दा बोट माघारी वळली का, आणि वळली असेल तर किती वाजता. याचं उत्तर ब्रिजवरच्या, म्हणजे बोट जिथून चालवतात तिथल्या, व्हॉएज डेटा रेकॉर्डरमध्ये असतं. बोट कुठे होती, वेग किती होता, ब्रिजवर कोण काय बोललं, सगळं त्यात येतं. जुलै २०१४ नंतर बसवलेल्या यंत्रात ३० दिवसांची नोंद राहावी लागते. त्याआधीच्या यंत्रांना १२ तास पुरत. ती नोंद वेळेत काढून ठेवणं हे कोणाचं तरी काम होतं. त्या माणसाचं नाव आणि हुद्दा मला हवा आहे. सरकार, व्यवस्था असल्या मोठ्या शब्दांशी भांडण्यात मला रस नाही. ते शब्द टपाल घेत नाहीत.

लोक म्हणतात, परदेशी पोलिसांशी पंगा घेऊन काही होत नसतं. २००८ च्या फेब्रुवारीत हणजुणच्या किनाऱ्यावर एका ब्रिटिश शाळकरी मुलीचा मृतदेह मिळाला, ते आठवा. आपल्या पोलिसांनी आधी बुडून मृत्यू म्हटलं. आई हटून बसली, दुसरं शवविच्छेदन झालं, अंगावर जखमाच जखमा निघाल्या, तपास सीबीआयकडे गेला. २०१६ मध्ये बाल न्यायालयानं दोघाही आरोपींना सोडलं, तर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं त्यांतल्या एकाला दहा वर्षांची शिक्षा दिली. परदेशातलीच होती ती बाई, आपल्या दृष्टीनं. तेव्हा इथे चर्चा काय चालायची? पोरीला सोडून आई फिरायला गेलीच कशी. मला आता तिकडून पत्रांतून तेच येतं: भाऊ पीत होता का, घरात भांडण होतं का.

वहिनीची गोष्ट आणखी वेगळी. आपल्याकडे गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्यानं नवराबायकोची मालमत्ता सामाईक, विकायला दोघांच्या सह्या लागतात. नवरा ना जिवंत ना मृत, तर सही कोण करणार? सात वर्षं थांबा, मग कोर्ट मृत धरू शकेल, असा सल्ला तिला मिळतो. धरेलही. पण कसा गेला ते कोर्ट त्यात सांगणार नाही. मधल्या काळात विमावाल्यांचा कागद आला: रक्कम घ्या, पुढे कोणाविरुद्ध कसलीही मागणी करणार नाही असं लिहून द्या. तिला पैशांची गरज आहे, घराचा हप्ता आहे. तरी तिनं "आधी चौकशी अहवाल" असं पेननं लिहून तो परत पाठवला.

सध्या माहिती अधिकारातलं दुसरं अपील केंद्रीय माहिती आयोगापुढे आहे. चौकशीत अडथळा येईल, परराष्ट्र संबंध बिघडतील, अशा कारणांनी आधी नकार मिळाला. कुठली चौकशी, ते मात्र कोणी लिहिलं नाही. मागितलंय एवढंच: चौकशीचा अहवाल मागणारं पत्र भारतातर्फे त्या देशाला गेलं का, कोणत्या तारखेला, कोणाच्या सहीनं. गेलं नसेल तर तसं लिहून द्या.