काल्याच्या कीर्तनात गप झालेला माईक

पारोळ्याकडच्या एका गावात सप्त्याच्या साउंडची ऑर्डर होती, काल्याचं कीर्तन म्हणजे शेवटचा दिवस, अख्खं गाव मांडवात. अभंग सुरू झाला अन् टाळकऱ्यांच्या डोक्यावर टांगलेला कंडेन्सर माईक फट् फट् करून एकदम गप. महाराजांचा साधा डायनॅमिक चालू होता, पण त्यांनी माईकला हात लावला की स्पीकरमधून घूंऽऽ. मंडळाचे एक काका येऊन कानाशी, "काय व्हयनं भो?"

मला कळलं होतं, केबलच्या तीन पिनांच्या कनेक्टरमधली पीन नंबर एक. कंडेन्सरला मिक्सरमधून ४८ व्होल्ट जातात दोन अन् तीन नंबरवरून आणि परत येतात एक नंबरवरच्या जाळीतून, म्हणजे आतल्या वायरींभोवतीच्या तारांच्या वेणीतून, ती सुटली की माईक मेला. डायनॅमिकला हे व्होल्ट लागतच नाहीत म्हणून तो बोलत राहतो, फक्त जाळीचं शिल्डिंग, म्हणजे बाहेरचा आवाज अडवणारं कवच, गेल्यामुळे भुणभुणतो. आणि दोन्ही केबल माझ्याच हातच्या! आठ दिवस आधी घरी बारा बनवल्या होत्या, जोड लागलाय का बघायला मल्टिमीटर लावून प्रत्येकीची बीप ऐकली होती, लई खुश होतो.

तेवढ्यापुरत्या दोन जुन्या केबल टाकल्या अन् मांडवामागे जाऊन कनेक्टर उघडला. दिसायला कथलाच्या डागाचा गोळा मस्त, पण जरा ओढला तर जाळी सरळ बाहेर. कथील पिनेला धरलेलं, जाळीवर नुसतं बसलेलं. साठ-चाळीसचं (साठ कथील, चाळीस शिसं) कथील १९० डिग्रीच्या आसपास वितळतं, ते माझ्या सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर वितळत होतं, जाळी मात्र गारच. २५ वॅटचं आयर्न, जाळीची जाड वेणी सगळी उष्णता पिऊन घेते, त्यात वैशाखातलं ऊन म्हणून मी कूलर थेट टेबलावर सोडलेला. स्वतःला गार ठेवलं अन् डागही गार केले, काय बोलायचं. टेबलावर केबल हलत नव्हती, जाळी टेकलेली होती, म्हणून बीप येत होती.

उरलेल्या दहा त्याच घाण्यातल्या, त्यातल्या सहा स्टेजवर. गावात मोटार रिवायंडिंगवाले एक बाबा होते, शेतकऱ्यांच्या पंपांचं काम करणारे, त्यांच्याकडून जाड टोकाचं मोठं आयर्न आणलं, बाबा स्वतःच सोबत आले. जुनं कथील ओढून काढलं, जाळी पिळून पेस्ट लावली, आधी जाळीवर वेगळं कथील चढवलं, ते आत शिरून चकाकलं की मगच पिनेला. मी घाईत फुंकर मारायला गेलो तर बाबा वरडले, "हात नको लाऊ, थंडं व्हऊ दे!" फुंकरीचं नाव नाही, हाताचंच, पण समजलं. प्रत्येक डाग ओढून बघितला, एकही सुटला नाही.

तिकडं हंडी फुटल्याचा कल्ला झाला तेव्हा मी शेवटची केबल करत होतो. झाली, अन् बघतो तर कनेक्टरचं मागचं कव्हर डाग द्यायच्या आधी वायरीत ओवायचंच राहिलेलं. बाबा हसत वरणबट्टीच्या पंगतीला गेले, मी परत डाग काढायला बसलो.